दाबाची एककं बदलताना आधी शून्य बघा, मग गुणाकार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बॉयलरवर जुना प्रेशर गेज आहे, तो किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, ज्याला कामावर सगळे नुसतं ‘केजी’ म्हणतात. त्याच्या जोडीला आता ० ते १६ बारचा नवा ट्रान्समीटर (दाब मोजून त्याचा विद्युत संकेत पाठवणारं उपकरण) आलाय. ट्रिप, म्हणजे बॉयलर आपोआप बंद पाडणारी मर्यादा, १०.५ केजीला आहे आणि जास्तीची वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह ११ केजीला. वरिष्ठ म्हणतात, ‘एक केजी म्हणजे एक बारच, आकडा आहे तसा टाका.’ त्यातच पंपाच्या कागदांवर पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), व्हॅक्यूमच्या, म्हणजे निर्वाताच्या, गेजवर मिलिमीटर पारा आणि पंख्याच्या ड्राफ्टला (हवेच्या ओढीला) मिलिमीटर पाणी. हे सगळं एकमेकांत कसं बदलायचं, आणि केजीला बार म्हटलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. ट्रिपचा आकडा आहे तसा टाकू नका.

एक केजी म्हणजे ०.९८०६६५ बार. फरक दोन टक्क्यांचा, आणि ‘दोन टक्क्यांनी काय होतंय’ हे मी अनेक जाणत्या माणसांकडून ऐकलंय. फेरी मारताना गेजवर नजर टाकायची असेल तर खरंच काही होत नाही. पण तुमच्या आकड्यांवर लावून बघा. ट्रिपला १०.५ बार टाकलेत तर बॉयलर १०.७१ केजीला ट्रिप होईल. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे तिथेच, ११ केजीला. म्हणजे ट्रिप आणि व्हॉल्व्ह यांच्यात जे अर्ध्या केजीचं अंतर मुद्दाम ठेवलं होतं, ते ०.२९ केजीवर आलं. दाबातला फरक दोन टक्के, पण सुरक्षिततेच्या अंतरातला फरक चाळीस टक्क्यांवर गेला. सेफ्टी व्हॉल्व्ह सेट दाबाच्या जवळ गेला की उघडण्याआधी फुसफुसायला लागतो, सीटवरून वाफ सुटते आणि सीट कापली जाते. आणि व्हॉल्व्हच्या सेटिंगमध्येही टक्का-दोन टक्के इकडेतिकडे असतंच. ती सूट व्हॉल्व्हसाठी ठेवलेली असते. आपल्या आळसासाठी ती वापरायची नाही.

म्हणून रूपांतरातली चूक टक्क्यांत मोजण्याआधी ती कशातून वजा होणार आहे ते बघायचं.

आता मूळ विषय. माझ्या कामात दाबाच्या रूपांतराच्या जेवढ्या चुका पाहिल्या, त्यात गुणक चुकल्यामुळे झालेल्या फार थोड्या. गुणक कुठेही मिळतो, कॅल्क्युलेटर चुकत नाही. चुकतं ते शून्य. दाब कशाच्या तुलनेत मोजलाय हे न विचारता माणूस गुणाकाराला बसतो, आणि मग उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत अचूक, पण एका अख्ख्या वातावरणाने चुकलेलं येतं.

जुना बूर्दों गेज कधी उघडून बघा. १८४९ मध्ये यूजेन बूर्दों यांनी ज्याचं पेटंट घेतलं, तीच रचना आजही आहे: एक चपटी, बाकदार नळी, एक टोक बंद. आत दाब आला की नळी सरळ व्हायला बघते, तिचं बंद टोक थोडंसं सरकतं, आणि ते सरकणं दातऱ्यातून काट्यापर्यंत पोचतं. नळीच्या आत तुमची वाफ, पण नळीच्या बाहेर, गेजच्या डब्यात, आपली साधी हवा. म्हणजे काटा दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. गेज काढून हातात धरला की काटा शून्यावर येतो, पण त्या क्षणी नळीत साधारण एक बार दाब असतोच. तो बाहेरही तेवढाच असल्यामुळे दिसत नाही. याला गेज दाब म्हणतात. खऱ्या निर्वातापासून मोजला तर तो निरपेक्ष दाब, आणि त्यासाठी गेजच्या आकड्यात त्या जागेचा हवेचा दाब मिळवावा लागतो.

एखाद्या ट्रान्समीटरबद्दल कागद नसतील आणि तो गेज आहे की निरपेक्ष हे कळत नसेल, तर एक सोपी परीक्षा आहे. लाइन वेगळी करून, दाब पूर्ण सोडून, त्याला हवेत उघडा ठेवा. शून्य दाखवला तर गेज. एकच्या आसपास बार दाखवला तर निरपेक्ष. माझ्यासमोर एकदा एका माणसाने असा निरपेक्ष ट्रान्समीटर ‘शून्य बिघडलंय’ म्हणून शून्यावर आणून ठेवला होता. उपकरण चांगलं होतं, त्याने ते स्वतःच्या हाताने बिघडवलं, आणि पुढे कित्येक दिवस व्हॅक्यूमचे आकडे कुणालाच जुळेनात.

(जाता जाता: ग्लिसरिन भरलेल्या गेजच्या माथ्यावर रबरी बूच किंवा छोटी वायुछिद्राची खीळ असते. बसवल्यावर ती उघडायची असते, बरेच जण उघडत नाहीत. डबा बंद राहिला की आतली हवा तापून फुगते आणि शून्य सरकतं. कमी दाबाच्या गेजवर हा फरक अगदी डोळ्याला दिसतो.)

शून्याची चूक सगळ्यात जास्त कुठे नडते? जिथे दाब गुणाकारात किंवा भागाकारात जातो तिथे, आणि जिथे दाबावरून तापमान काढायचं असतं तिथे. वाफेच्या तक्त्यात दाब बहुतेक निरपेक्ष दिलेला असतो. गेजवर ७ बार बघितलं आणि तक्त्यात ७ समोरचं तापमान घेतलं, तर साधारण १६५ अंश सेल्सिअस मिळतं. खरं म्हणजे ७ बार गेज हे जवळजवळ ८ बार निरपेक्ष, आणि त्याचं तापमान १७०.४ अंश. पाच अंशांचा फरक. मग थर्मामीटर खराब आहे, ट्रॅप (वाफेतलं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) अडकलाय, असा सगळा शोध सुरू होतो. कॉम्प्रेसरचंही तेच. शून्य गेजवरून सात बार गेजपर्यंत हवा दाबली तर गुणोत्तर किती? गेजच्या आकड्यांनी भागायला गेलात तर शून्याने भागावं लागेल. निरपेक्षात ८.०१ भागिले १.०१, म्हणजे जवळपास ७.९ पट. दोन दाबांची वजाबाकी करायची असेल तर दोन्ही गेज असले तरी चालतं, कारण हवेचा दाब दोन्हीकडून उडून जातो. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब, ऑरिफिसवरचा (प्रवाह मोजायला नळीत बसवलेल्या भोकाच्या चकतीवरचा) फरक, यांत वातावरण मिळवायचं नाही, फक्त एकक बदलायचं. पण गुणोत्तर, वायूचे नियम, उकळबिंदू, यांत निरपेक्षच. तापमानात सेल्सिअस आणि केल्विनचं जे नातं, तेच इथे गेज आणि निरपेक्षाचं आहे.

आणि हवेचा दाब म्हणून डोळे मिटून १.०१३ बार घ्यायचं का? गेजवर दहा बार असेल तर घ्या, फारसं बिघडत नाही. व्हॅक्यूम असेल तर अजिबात घेऊ नका. याचा एक अनुभव सांगतो.

समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंचीवर एक बाष्पीभवन यंत्र बसवलं होतं. कागदावर लिहिलेलं: ‘७१० मिमी पारा व्हॅक्यूम’. यंत्र सुरू केलं की गेज ६८०-६८५ पर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. पंपाचे सील बदलले, सगळ्या फ्लँज साबणाच्या पाण्याने तपासल्या, दोन गॅस्केट नवी टाकली. काही फरक नाही. तिथला तरुण इंजिनिअर हुशार होता. त्याने फोनवर हवामानाचा दाब बघितला, १०१० हेक्टोपास्कल, त्याचे मिमी केले, ७५८ आले, आणि म्हणाला, ‘सर, ७५८ आहे, म्हणजे ७१० मिळायलाच पाहिजे.’ गुणाकार अगदी बरोबर होता.

घोटाळा असा की हवामानाच्या बातमीत किंवा फोनवर दिसणारा दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीवर नेऊन सांगितलेला असतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांचे दाब नकाशावर एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून तसं करतात. प्रत्यक्ष त्या जागेवर, ७०० मीटर उंचीला, हवेचा दाब साधारण ७०० मिमी पारा एवढाच असतो. (हा योगायोग लक्षात ठेवायला बरा आहे: ७०० मीटरला जवळपास ७०० मिलिमीटर.) म्हणजे तिथे संपूर्ण, अगदी एकही रेणू न उरलेला निर्वात केला तरी गेज ७०० च्या पुढे जाऊ शकत नाही. ७१० मागणं म्हणजे अशक्य गोष्ट मागणं. ज्याने कागद लिहिला त्याच्या मनात समुद्रसपाटी होती: ७६० वजा ७१०, म्हणजे ५० मिमी निरपेक्ष, ज्याला पाणी सुमारे ३८ अंशांना उकळतं. त्या उंचीवर ५० मिमी निरपेक्ष हवं तर गेजवर ६५० पुरे. यंत्र पहिल्या दिवसापासून हव्या त्याहून चांगलं चाललं होतं. बिचारी गॅस्केट उगाच बदलली गेली.

तेव्हापासून मी व्हॅक्यूमचा आकडा ‘व्हॅक्यूम’ म्हणून स्वीकारत नाही. निरपेक्ष किती ते लिहून मागतो. ‘५० मिमी पारा निरपेक्ष’ हे कुठल्याही उंचीवर ५० मिमी निरपेक्षच राहतं. ‘७१० मिमी व्हॅक्यूम’ डोंगर चढला की अर्थ बदलतं. रेफ्रिजरेशनवाल्यांचं या बाबतीत बरं आहे, ते सिस्टिम ओढताना (आतली हवा उपसून निर्वात करताना) मायक्रॉनमध्ये बोलतात, आणि मायक्रॉन निरपेक्षच असतो: ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे ६७ पास्कल.

उंचीवर पारा उतरतो हे ज्यांनी पहिल्यांदा प्रत्यक्ष मोजून घेतलं, त्यांच्याच नावाने आज दाबाचं एकक आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी ब्लेझ पास्कल यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन पुई द डोम डोंगरावर चढले. पायथ्याशी दुसरी नळी ठेवून तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस बसवला होता. वर पारा खाली आला, पायथ्याचा हलला नाही. पास्कल हे नाव एककाला अधिकृतपणे मिळालं ते मात्र १९७१ मध्ये.

आता गुणक. सगळे एकमेकांत पाठ करायला जाऊ नका, गोंधळ होतो. प्रत्येक एककाचे पास्कल किती एवढंच जवळ ठेवा. कुठूनही निघा, पास्कलवर उतरा, तिथून हवं तिकडे जा.

१ बार = १,००,००० पास्कल
१ केजी = ९८,०६६.५ पास्कल
१ प्रमाण वातावरण = १,०१,३२५ पास्कल
१ पीएसआय = ६,८९४.७६ पास्कल
१ मिमी पारा = १३३.३२२ पास्कल
१ इंच पारा = ३,३८६.३९ पास्कल
१ मिमी पाणी = ९.८०६६५ पास्कल
१ इंच पाणी = २४९.०९ पास्कल

तुमच्या पंपाच्या कागदावरचे १५० पीएसआय घ्या. १५० गुणिले ६,८९४.७६ म्हणजे १०,३४,२१४ पास्कल. केजी हवे तर भागिले ९८,०६६.५, उत्तर १०.५५. बार हवे तर पाच घरं मागे, १०.३४. गुणायचं की भागायचं यात मन डळमळलं तर एवढंच आठवा की पास्कल अगदी इवलासा असतो. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कोरा कागद टेबलावर पसरला तर तो टेबलाला साधारण ०.८ पास्कलने दाबतो. म्हणून पास्कलमध्ये जाताना आकडा फुगलाच पाहिजे, पास्कलमधून बाहेर पडताना आकसलाच पाहिजे. तसं झालं नाही तर उलटा गुणाकार झालाय.

यातले बरेचसे आकडे पाठ करायचीही गरज नाही, ते स्वतः काढता येतात, आणि एकदा काढले की विश्वास बसतो. केजीचे पीएसआय बघा. एका किलोत किती पौंड? एक भागिले ०.४५३५९२३७. एका चौरस इंचात किती चौरस सेंटिमीटर? २.५४ चा वर्ग, ६.४५१६. आता ६.४५१६ भागिले ०.४५३५९२३७, उत्तर १४.२२३. झालं. एक केजी म्हणजे १४.२२ पीएसआय. बार मात्र १४.५० पीएसआय, आणि प्रमाण वातावरण १४.७०. हे तीन आकडे शेजारी ठेवले की केजी, बार आणि वातावरण ही तीन वेगळी माणसं आहेत हे चेहऱ्यावरून कळतं: केजी सगळ्यात लहान, मग बार, मग वातावरण. केजी आणि वातावरण यांच्यात तर सव्वातीन टक्क्यांचा फरक आहे. जुन्या कागदांत नुसतं ‘ॲटमॉस्फिअर’ लिहिलं असेल तर जरा थांबा. काही ठिकाणी त्याचा अर्थ १,०१,३२५ पास्कलचं प्रमाण वातावरण असतो, आणि काही ठिकाणी ‘तांत्रिक वातावरण’, जे म्हणजे आपला केजीच.

तोंडी हिशेबासाठी दोनच युक्त्या मला रोज उपयोगी पडतात. पीएसआयचे केजी करायला सातने गुणा आणि दोन घरं मागे या: १०० पीएसआयचे ७ केजी (खरे ७.०३). मिमी पाऱ्याचे किलोपास्कल करायला दोनने गुणून पंधराने भागा: १२० मिमीचे १६ किलोपास्कल, ७६० चे १०१.३. ही दुसरी तर इतकी अचूक आहे की कागदावर वापरली तरी चालेल. उलट जाताना साडेसातने गुणा.

मेगापास्कलबद्दल एक गोष्ट, कारण हायड्रॉलिकच्या मशिनांवर आता तोच येतो. एक मेगापास्कल म्हणजे दहा बार, आणि स्थापत्यवाल्यांचा न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरही तोच. २५ मेगापास्कल म्हणजे २५० बार, ३,६२६ पीएसआय. रोमन लिपीत लिहिताना यातला ‘एम’ मोठाच हवा. लहान एम मिलीचा, मोठा मेगाचा, आणि दोघांत एक अब्जपटीचा फरक. मिलिपास्कल-सेकंद हे तेलाच्या दाटपणाचं एकक आहे, त्यामुळे लहान एमही तुमच्या कागदांत कुठेतरी असतोच, नुसती छपाईची चूक समजून सोडून देता येत नाही. हवामानातला हेक्टोपास्कल आणि जुना मिलिबार मात्र तंतोतंत एकच, तिथे काहीच करायचं नाही.

पाणी आणि पारा या स्तंभांच्या एककांत एक गुंता आहे, तो कळला की पुढचं बरंच सोपं होतं. स्तंभाची उंची हा दाब नव्हे. उंची गुणिले द्रवाची घनता गुणिले गुरुत्वाकर्षण, तेव्हा दाब होतो. ०.७६ मीटर गुणिले १३,५९५.१ गुणिले ९.८०६६५ करून बघा, १,०१,३२५ येतात. यातला पारा शून्य अंश सेल्सिअसचा आहे आणि गुरुत्वाकर्षण प्रमाण मानलेलं. पारा गरम झाला की हलका होतो. म्हणून काही कागदांत ‘इंच पाणी, ४ अंश’ आणि काहींत ‘इंच पाणी, ६० फॅरनहाइट’ असं लिहिलेलं दिसतं, एक सुमारे २४९.१ पास्कल, दुसरा २४८.८. हजारात एकाचा फरक. ड्राफ्टच्या गेजला तो विसरा, तिथे एक मिमी पाणी म्हणजे ९.८ पास्कल पुरे. कॅलिब्रेशन करणाऱ्याने विसरू नये. तसंच डेड वेट टेस्टरचं, म्हणजे वजनं ठेवून ठरावीक दाब तयार करणाऱ्या, गेज तपासायच्या उपकरणाचं. त्याच्या वजनांवरचा आकडा कोणत्या गुरुत्वाकर्षणासाठी आहे ते प्रमाणपत्रात दिलेलं असतं. तो प्रमाण ९.८०६६५ साठी असेल आणि तुम्ही विषुववृत्ताजवळ असाल, तर तिथे गुरुत्वाकर्षण ९.७८ च्या आसपास भरतं, म्हणजे तुमचा ‘मास्टर’च पाव टक्क्याहून जरा जास्त कमी दाब देतो.

पंपाच्या हेडमध्ये, म्हणजे तो द्रव किती मीटर उंच चढवू शकतो त्या मापात, हीच गोष्ट उघड दिसते. ४० मीटर हेडचा पंप पाण्यावर ३.९ बार देतो. तोच पंप ०.८४ घनतेच्या डिझेलवर ३.३ बारच देईल. हेड तेच, दाब वेगळा. ‘दहा मीटर म्हणजे एक केजी’ हे पाण्यासाठी खरं आहे, गरम पाण्यासाठी थोडं कमी खरं, आणि इतर द्रवांसाठी घनतेने गुणल्याशिवाय खरं नाही. डिझेलवर गेज कमी दाखवतोय म्हणून पंप खोलणारी माणसं मी पाहिली आहेत.

दवाखान्यातही हीच दोन एककं शेजारी नांदतात: रक्तदाब मिमी पाऱ्यात, व्हेंटिलेटरचा दाब सेंटिमीटर पाण्यात. एक मिमी पारा म्हणजे १.३६ सेंटिमीटर पाणी. शिरेतला दाब एका जागी ८ मिमी पारा मोजला आणि दुसऱ्या जागी ११ सेंटिमीटर पाणी, तर तो वाढलेला नाही, तेवढाच आहे. नोंदवहीत आकड्यापुढे एकक नसेल तर हे कळायला मार्ग नाही, आणि तिथे माणूस झोपलेला असतो.

आता किती आकडे लिहायचे? तुमच्या वहीत १०० पीएसआयचे ६.८९४८ बार लिहिलेले असतील तर ते खोडा. १० बारचा, १.६ वर्गाचा गेज म्हणजे पूर्ण मापाच्या १.६ टक्के, ०.१६ बार इकडे किंवा तिकडे. अशा गेजवरून वाचलेला आकडा रूपांतर केल्याने जास्त अचूक होत नाही. ६.९ लिहा. मधल्या पायऱ्यांत हवे तितके आकडे ठेवा, शेवटी एकदाच आवरा. पण मर्यादा लिहिताना आवरायची दिशा महत्त्वाची. भांड्याची कमाल मर्यादा १५० पीएसआय, म्हणजे १०.३४२ बार. ती १०.३ लिहायची. १०.३५ नाही, १०.४ तर नाहीच. वंगणाच्या तेलाचा दाब अमुकपेक्षा कमी होऊ नये अशी मर्यादा असेल तर उलट, वरच्या बाजूला आवरायची. गणिताच्या पुस्तकातला ‘पाच किंवा पुढे असेल तर एक वाढवा’ हा नियम इथे चालत नाही, कारण पुस्तकातला आकडा फुटत नसतो.

आता तुमच्या ट्रान्समीटरकडे येऊ. ट्रिप १०.५ केजी गेज. गुणिले ०.९८०६६५, म्हणजे १०.२९७ बार गेज. कमाल मर्यादा आहे म्हणून खाली आवरून १०.२९ टाका. सेफ्टी व्हॉल्व्हचे ११ केजी म्हणजे १०.७९ बार, त्याला हात लावायचा नाही, फक्त पाटीवर दोन्ही आकडे लिहून ठेवा. ट्रान्समीटर ० ते १६ बार आणि त्याचा विद्युत संकेत ४ ते २० मिलिअँपिअर असल्यामुळे तुमचं काम सोपं झालंय: एका बारला बरोबर एक मिलिअँपिअर, त्यात सुरुवातीचे चार. म्हणजे ट्रिप १४.२९ मिलिअँपिअरला व्हायला हवी. कॅलिब्रेटर लावून करंट हळूहळू चढवा, सोबतच्या माणसाला रिले (ट्रिप करणारा विद्युत स्विच) कोणत्या आकड्याला पडतो ते मोठ्याने सांगायला लावा. १४.५० ला पडला तर समजा कुणीतरी १०.५ आहे तसाच टाकलाय. आणि ते करण्याआधी ट्रान्समीटर हवेत उघडून ४.०० मिलिअँपिअर येतात का ते बघा. ५ च्या आसपास आले तर तो निरपेक्ष आहे, आणि मग बॉयलर खऱ्या मर्यादेच्या एक बार आधीच बंद पडत राहील.

जुना गेज काढू नका. त्याच्या बाजूला पाटी लावा: ‘हा गेज केजीमध्ये, स्क्रीन बारमध्ये. ट्रिप: गेजवर १०.५, स्क्रीनवर १०.२९.’ रात्रपाळीच्या माणसाला दोन वेगळे आकडे दिसले की त्याने काय समजायचं, ते त्याला त्या पाटीवर वाचता आलं पाहिजे.